पेवातली जवारी

"वास येत व्हता का त्या जवारीला?" लाकडाची मोळी पुढ्यात टाकून बसलेल्या एका म्हातारीनं भर बाजारात विचारलं, आणि बायनाबाईची साक्ष तिथंच अडली. देवानं आपल्याला कसं तारलं, हे ती बावीस वर्षं सांगत आली होती. बीडच्या आठवडी बाजारात, बिंदुसरेच्या काठच्या लिंबाखाली, लिंबागणेशच्या वाटेवर, पाटोद्याकडच्या वाड्यावस्त्यांवर, जिथं चार बाया डोक्यावरचं ओझं उतरवून घटकाभर टेकतील तिथं. मिशनची बाई म्हणून सगळा मुलूख तिला ओळखायचा, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. साक्ष अशी तोंडपाठ होती, की मधेच कुणाची म्हैस सुटून गर्दीत घुसली तरी तिचा शब्द हलत नसे. मोठ्या दुष्काळात तिचा नवरा आश्रुबा मोगलाईतून इंग्रजी मुलखात, नगराकडं खडी फोडायला गेला तो गेलाच. मागं राहिली ही ओली बाळंतीण आणि दहा दिवसांची पोर, आणि अंगावर दुधाचा टिपूस नाही. त्या दिवशी कुणाला हाक मारतोय हेही ठाऊक नसताना ती म्हणाली, जो कुणी ऐकत असशील त्यानं ऐक. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना कुडाच्या कडेला, स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधलेली दोन ओंजळी जवारी. असं सात दिवस. आठव्या दिवशी जवारी आली नाही, कारण आठव्या दिवशी मिशनची गाडीच दारात येऊन उभी राहिली. इथं ती थांबायची. बायांचे डोळे इथं भरून येतात हे तिला अनुभवानं माहीत होतं, आणि त्या भरलेल्या डोळ्यांकडं बघताना तिचेही भरायचे. लोकांनी इतक्या वर्षांत काय काय विचारलं नव्हतं. तुझ्या देवाला नैवेद्य कशाचा लागतो, मडम आंघोळ करते का, मेल्यावर तुम्हांला जाळतात की पुरतात. पण जवारीला वास येत होता का, हे कुणी म्हणजे कुणीच विचारलं नव्हतं. आणि वास येत होता.

येत होता, आणि तो तिच्या नाकात ह्या क्षणी परत आला होता, बाजारातल्या मिरच्यांच्या ठसक्याला बाजूला सारून. आंबूस, कोंदट, ओल्या मातीत काहीतरी फार दिवस झाकून ठेवल्यासारखा. ज्यानं पेव बघितलंय त्याला हा वास सांगावा लागत नाही. जमिनीत दोन पुरुष खोल खणलेलं धान्याचं कोठार, तोंड माणूस जाईल एवढंच, आत पोट घागरीसारखं. एकदा लिंपून टाकलं की धान्य वर्षानुवर्षं राहतं, फक्त त्याला तो वास लागतो आणि दाणा थोडा पिवळा पडतो. "आंबूस यायचा," बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम साधा, घरातला झाला होता. "अन् फडकं पांढरं न्हवतं," म्हातारी म्हणाली. ती विचारत नव्हती, सांगत होती. "मळकट व्हतं. काठ तांबडा. मुंडाशाचं फाडल्यालं." भोवतालच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बायनाबाई मटकन खाली बसली, म्हातारीच्या समोर, मोळीच्या पलीकडं. "तू मांगवाड्यातल्या आश्रुबाची न्हवं? मी मुक्ता. तुमच्याच वाडीची, महारवाड्यातली. आमच्या मान्साचं मुंडासं व्हतं त्ये. विठ्ठलराव पाटलाच्या पेवातली जवारी व्हती." तिनं हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं, जणू कुणी वाट विचारली आणि तिनं दाखवली. तिचा नवरा पाटलाच्या खळ्यावर राबायचा. पेव कुठं आहे, त्याचं तोंड कुठल्या दगडाखाली आहे, त्याला ठाऊक. दिस उगवायच्या आधी दगड सरकवायचा, दोराला धरून आत उतरायचं, मुंडाशाचा पदर भरून वर यायचं, दगड होता तसा लावून वर शेण सारवायचं. निम्मी जवारी घरी, निम्मी मांगवाड्याच्या कुडापाशी. दोन्ही वाड्यांचं एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावणं नव्हतं, म्हणून कुडापाशी. "सात दिस आला वर," मुक्ताबाई म्हणाली. "आठव्याला न्हाई आला." तेवढ्यात मोळीला गिऱ्हाईक आलं. तिनं मोळी डोक्यावर चढवली, आणि जाता जाता मागं न बघता म्हणाली, "तुझं सांगनं ब्येस हाय. आमच्याकडंबी जवारी आलती, पर आमच्याकडं गाडी न्हाई आली."

घरी येईपर्यंत बायनाबाईला वाट दिसलीच नाही. मिशनच्या आवारातल्या आपल्या खोलीत येऊन ती जात्यापुढं बसली, पाटीतली जवारी जात्याच्या तोंडात घातली, आणि खुंटा हातात धरून तशीच बसून राहिली. पांढरं फडकं कुठून आलं? हे तिला आठवायचं होतं, आणि आठवलंही, कारण अशा गोष्टी माणूस विसरत नाही, नुसता त्यावर पाट ठेवून बसतो. ती मिशनात आली त्या पहिल्या वर्षी मडमबाईंनी विचारलं होतं, फडकं स्वच्छ होतं का गं? त्या इतक्या आशेनं बघत होत्या, की नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तिनं मान हलवली. पुढच्या खेपेला स्वच्छाचं पांढरं झालं. आणि तो आठवा दिवस. मोहनराव मास्तर, जे तेव्हा नवेनवे उपदेशक होते आणि आता इथली सगळी ख्रिस्ती मंडळी सांभाळत होते, ते म्हणाले होते, बायनाबाई, मधला उपाशी दिवस कशाला सांगता, गोष्ट अडखळते. खरं तर गाडी नवव्या दिवशी आली होती. आठव्या दिवशी काहीच आलं नव्हतं. आठव्या दिवशी ती पोरीला छातीशी धरून कुडापाशी बसली होती, ऊन डोक्यावर येईपर्यंत, आणि जो कुणी जवारी ठेवत होता त्याला तिनं शिव्या दिल्या होत्या. होय, शिव्या. एवढी सात दिवस चटक लावलीस आणि आता कुठं मेलास, असं ती म्हणाली होती. हेच शब्द. बायनाबाईनं खुंटा सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पण शिव्यांहून मोठी धास्ती वेगळीच होती, आणि ती हळूहळू वर आली. मग माझी हाक ऐकली कुणी? मी म्हटलं होतं, जो कुणी ऐकत असशील त्यानं ऐक. बावीस वर्षं मी म्हणत आले की देवानं ऐकलं. पोरीचं नाव दया ठेवलं ते त्याच भरवशावर. नवरा आला नाही तेव्हा, प्लेगात दोनदा घर सोडून रानात राहावं लागलं तेव्हा, भावानं उंबऱ्यावरून परत पाठवलं तेव्हा, दर वेळी मी त्या कुडापाशी मनानं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ज्यानं तेव्हा दिलं तो आताही देईल. आणि देत तो तर पाटलाच्या खळ्यावरचा गडी होता. चोरून देत होता. पायाखालचं घर कुणी उचलून नेलं तर माणूस जसं आधी नुसतं बघत राहतं, तशी ती बघत राहिली. संध्याकाळची प्रार्थना करायला गुडघे टेकले तर शब्द येईनात. हे बापा, म्हटलं, आणि पुढं काही नाही. असं कधी झालं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडताना रागही आला, त्या म्हातारीचा, तिच्या मोळीचा, तिच्या सपाट आवाजाचा. येत्या रविवारी कापणीची सभा होती. दरसाल मंडळीतले लोक नव्या पिकातलं पहिलं आणतात, कणसं, भोपळे, कुणी कोंबडी, ते सगळं पुढं मांडतात, आणि देवानं काय केलं ते एकेक जण उठून सांगतं. सगळ्यांत शेवटी बायनाबाई. ह्या वर्षी औरंगाबादेहून मोठे साहेब येणार होते, जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यातून दया येणार होती. तिनं उभं राहून काय सांगायचं? जुनं सांगितलं तर ते खोटं, आणि खरं सांगितलं तर त्यात देव कुठं आहे ते तिचं तिलाच सापडत नव्हतं.

शनिवारी तिनं मोहनराव मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर भला माणूस, पण साहेब येणार म्हटल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चुन्याच्या बादलीजवळ उभे राहून ते भिंतीवरचे डाग बघत होते. "बायनाबाई, चोरीची जवारी परमेश्वरानं पाठवली असं कसं म्हणायचं? साक्ष देवाची असती, चोराची न्हाई." ती म्हणाली, "मास्तर, माणसं मुंग्यांची वारुळं उकरून दानं खात व्हती. पाटलाचं पेव गच्च भरल्यालं. तुमीच सांगा, त्ये पेव कुणाचं म्हनायचं?" मास्तरांनी बोटाला लागलेला चुना पुसला. "त्ये मला इचारू नका. मी म्हणतो, उद्या गेल्या सालचीच साक्ष द्या. साहेब जाऊ द्या, मग बघू." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचा इश्वास गेला काय?" तिला वाटलं, इश्वास काय कोंबडी आहे, गेला म्हणून शोधायला. पण आतून तिला ठाऊक होतं की मास्तरांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय, आणि त्या दुपारी ती नदी ओलांडून पलीकडं गेली.

मुक्ताबाईचं झोपडं शोधायला वेळ लागला नाही, मोळीवाली म्हटल्यावर पोरंसुद्धा दाखवत होती. ती दारात बसून लाकडं सारखी करत होती. बायनाबाई समोर जाऊन उभी राहिली, आणि वाटभर जुळवून आणलेलं सगळं विसरून म्हणाली, "माय, मी त्याला शिव्या दिल्या. आठव्या दिशी. कुठं मेलास म्हनाले." मुक्ताबाईनं कोयता खाली ठेवला. "मीबी तुला दिल्या," ती म्हणाली. "लई दिल्या. रोज. बस." दोघी बसल्या. मग मुक्ताबाईनं उरलेलं सांगितलं. पेव उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं असतं, आतली हवा माणसाला मारते. दोराला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर नाही. पण चोरून उघडलेलं पेव दिवसभर मोकळं ठेवणार कसं? रोज दगड लावावा लागायचा, आणि रोज आतली हवा आणखी वाईट व्हायची. "दिवा तिसऱ्या दिशीच इझला व्हता," मुक्ताबाई म्हणाली. "मग त्यो दम कोंडून उतरायचा. सातव्या दिशी वर आला तवा व्हट निळं पडल्यालं. मी म्हनलं, आता पुरं. आपल्यापुरती हाय चार दिसांची. माझं लेकरू आधल्या म्हैन्यात गेलंतं, आमी दोघंच, आमाला किती लागतंय? म्हनलं, कशापायी जातूस? तर म्हनला, तिकडली पोर रडती. मला ऐकू येतं."

बायनाबाईचे हात मांडीवर तसेच पडून होते. "त्याला ठावं व्हतं?" तिनं विचारलं. "दिवा इझतोय म्हंजे काय, त्ये ठावं व्हतं?" "जल्मभर पेवंच उघडली त्यानं. त्याला न्हाई तर कुनाला ठावं असनार?" आणि इथं बायनाबाईच्या आत काहीतरी हललं. बावीस वर्षं ती गावोगाव सांगत आली होती, की एकानं जाणूनबुजून आपल्यासाठी क्रुसावर मरण घेतलं, आपण त्याला ओळखत नव्हतो, उलट शिव्या देत होतो, तरी घेतलं. हे वाक्य तिच्या जिभेला इतकं सवयीचं झालं होतं, की जात्यावर बसल्यावर हात फिरावा तसं ते फिरायचं. त्यात कधी कुणाचे ओठ निळे पडले नव्हते. त्यात कधी आंबूस वास नव्हता. आज पहिल्यांदा ते तिच्या पोटात गेलं, आणि तिला इतकं दुखलं की ती वाकली. असं असतं तर हे. असं प्रेम करतात. मी हाक मारली आणि ती पोचली, अगदी पोचली, वाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवरून ज्याच्या कानात पोर रडत होती त्याच्या काळजात पोचली, आणि तो उठला. त्याला उठवलं कुणी? स्वतःचं लेकरू पुरून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या लेकराचं रडणं सहन होत नाही, हे त्याच्या आत कुणी ठेवलं? तिला शुभ्र हात हवा होता, म्हणून तिनं घट्टे पडलेला हात झाकून टाकला होता. देव खोटा पडला नव्हता. तिचं पांढरं फडकं तेवढं खोटं होतं. "माय," ती म्हणाली, "त्याचं नाव काय?"

मुक्ताबाई लाजली, ह्या वयात, आणि ते बघून बायनाबाईच्या ध्यानात आलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, आणि विधवा बाई तर उखाण्यातही घेत नाही. वाडीनं त्याला चोर म्हणून टाकलं होतं. आठव्या दिवशी पेवातून मढं ओढून काढायला दोन माणसं आली तीही तोंड फिरवून गेली. तेव्हापासून त्याचं नाव मोठ्यानं घ्यायला मुलखात कुणी उरलंच नव्हतं. बावीस वर्षं ह्या बाईनं ते नाव कानांनी ऐकलं नव्हतं. "सांगू कसं," मुक्ताबाई म्हणाली. "पोर झाल्यावर पाचवीला जिला पुजत्यात, तिच्या नावाचं ठिवल्यालं." "सटवाई? सटवा का?" मुक्ताबाईनं खाली मान घातली आणि पदराचा बोळा तोंडाशी नेला. मग तिनं विचारलं, "ती पोरगी जगली न्हवं?" "जगली. दवाखान्यात हाय. बाळंतपनं करती. उद्या यायची हाय, तू चल." "मी तुमच्या देवळात?" "दारात बस. पर चल."

सभेत बायनाबाई उभी राहिली तेव्हा खुर्चीवर साहेब होते, शेजारी मोहनराव मास्तर, पुढं कणसांच्या पेंढ्या आणि भोपळे. दया बायांमध्ये बसली होती, आणि दारात उंबऱ्याच्या बाहेर मुक्ताबाई, अंगाचं मुटकुळं करून. बायनाबाई म्हणाली, "मी दरसाल ह्या ठिकानी खोटं सांगत आले." मास्तरांनी डोळे मिटले. मग तिनं सांगितलं. मळकं मुंडासं सांगितलं, वास सांगितला, उपाशी दिवस सांगितला, आपल्या शिव्या सांगितल्या. पेव सांगितलं, विझलेला दिवा सांगितला. "मी देवाला हाक मारली अन् देवानं मानूस पाठिवला," ती म्हणाली. "त्यो कुठल्या वाड्यातला, त्ये देवानं बघितलं न्हाई. त्यानंबी बघितलं न्हाई. आमीच बघत बसलो. देव माझ्याशी इश्वासू व्हता, पर त्या इश्वासूपनाचा भार एका मान्सानं जिवावर उचलला, अन् मी त्याला झाकून ठिवला. त्याला चोर म्हनून पुरला. त्याचं नाव सटवा." प्रत्येक साक्षीनंतर मंडळीनं एका आवाजात 'परमेश्वर विश्वासू आहे' म्हणायची रीत. कुणी म्हणालं नाही. बाया पदराच्या कडा चाळवत होत्या, पुरुष मास्तरांकडं बघत होते, मास्तर साहेबांकडं. साहेबांना मराठी येत होतं, पण इतकं गावाकडचं येत होतं की नाही कुणास ठाऊक. ते नुसते खाली बघत होते. बायनाबाईला वाटलं, संपलं, उद्यापासून कुणी बाजारात आपलं ऐकायचं नाही, आणि नवल म्हणजे तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. बायांमधून दया उठली. सगळ्यांच्या मधून ती दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडून खाली बसली आणि मुक्ताबाईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. म्हातारीनं गडबडून पाय ओढून घेतले, मग हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहिला. तेव्हा मोहनराव मास्तर उभे राहिले. "परमेश्वर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, घसा खाकरून त्यांनी परत सुरुवात केली, आणि मंडळी त्यांच्यामागून म्हणाली. भोपळ्यांवरून, पेंढ्यांवरून तो आवाज दारापर्यंत गेला. मुक्ताबाईला त्यातलं काही कळलं की नाही, ठाऊक नाही. तिनं फक्त मान वर केली.

"बाई," ती दारातून म्हणाली, "त्याचं नाव पुना एकदा घे."

बायनाबाईनं घेतलं. आणि मुक्ताबाई पुरे म्हणेपर्यंत ती घेतच राहिली.